शेठचा ‘अहो’

सौ. आशाला सातपूरहून सगळी खुशाली.

फोनवर सांगितलं असतं तर तू नुसती हसत बसली असतीस, म्हणून लिहितोय. आमचे दोन वेल्डर जास्त पगारावर पुण्याला गेले. शेठना त्यांच्यासारखा हात कुठे मिळेना. तेव्हापासून माझा ‘अरे किशोर’चा ‘अहो किशोरराव’ झालाय! चहासुद्धा आधी मला.

तिघांचं काम एकट्यावर आलंय, पण जेवण वेळेवर होतं. मास्कला नवी काच मिळाली, आता डोळे फारसे चुरचुरत नाहीत. कांद्याची लावणी उरकली का? आईचा गुडघा कसा आहे?

आजवर मला ‘अहो’ म्हणणारी तू एकटीच. शेठच्या तोंडून ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पगाराला मात्र ते अजून ‘अरे’च म्हणतात. सोमवारी बोलणार आहे.

तुझाच,
अहो