पंखाखालचा बांबू

सौंसर, भाद्रपदातला रविवार, संध्याकाळ

डोक्यातून तो बांबू जात नाही.

उन्हाळ्यातल्या वावधनानं, वादळानं, चौकातलं जुनं लढाऊ विमान चौथऱ्यावरून पाडलं. तेव्हापासून आम्ही काही जण दर रविवारी ते दुरुस्त करून राहिलो. पंखाले लोखंडी आधार मिळाला नाही, म्हणून ज्यानं त्यानं आपल्या बगिच्यातले बांबू आणले. संत्र्यानं लदलेल्या फांदीले लावतो, तसेच टेकू लावले. वायुसेनेतून निवृत्त झालेले वानखडेकाका आधी हसले, पण पंख टिकला. आज टेकू काढले, तरी हलला नाही.

खुशीत घरी आलो, तर बगिच्यात फांदी चिरलेली. माझा बांबू जिच्याखालून नेला होता, तीच. हिरवी संत्री मातीत. एका टेकूनं काय होते, असं मले का वाटलं असन?

बायको, सुमन, फांदी उचलून धरत एवढंच म्हणाली, "विमानाले संत्री लागणार हायेत काय?"

बांबू परत लावला, फांदी सुतळीनं बांधली. बांबूच्या टोकाले विमानाचा करडा रंग लागला आहे. सुमननं नखानं खरवडून पाहिला, निघाला नाही.

तेवढ्यात वारा सुटला. मी फांदी धरली, पण नजर चौकाच्या रस्त्याकडे.

"फांदीजवळ मी आहो," ती म्हणाली. "तुम्ही चौकात पाहून या."