उभ्या गाडीचं इंजिन

आबा, मी आता जी बस चालवतो तिला धूर नाही. तुमचा विश्वास बसणार नाही, म्हणून तेच आधी सांगतो. सकाळी लिंबायतच्या नाक्यावरून कामगार घ्यायचे, इच्छापोरच्या कारखान्यात सोडायचे आणि सुटलेल्या पाळीचे परत आणायचे, हे माझं काम. सायलेन्सरसमोर पांढरा रुमाल धरला तरी पांढराच राहतो, मी धरून पाहिलाय. डिझेलमधलं गंधक काढून टाकलंय म्हणे, वासही पहिल्यासारखा डोक्यात चढत नाही. तुमचे रुमाल आई वेगळ्या बादलीत भिजवायची. पाणी काळं व्हायचं आणि तुम्ही मजेत म्हणायचात, जे खाईल ते बाहेर टाकेलच, माणूस काय नि इंजिन काय. शेवटी खोकल्याचे रुमालही त्याच बादलीत पडायला लागले. डॉक्टरनं धुराचं नाव घेतलं तर तुम्ही त्याच्यावरच चिडलात, की ज्यानं घर चालवलं त्याला नावं ठेवू नका. मला तेव्हा तुमचा राग आला होता. आता येत नाही, पण तुमचं बरोबर होतं असंही वाटत नाही.

तुमचा एक नियम मात्र माझ्या हातात बसलाय. तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे: मी नुकतं लायसन्स काढलंय, तुमच्या टेम्पोत कापडाचे ताके भरून आपण मिलच्या दारात उभे आहोत. आत पावती व्हायला वेळ आहे. मी स्टिअरिंगवर बसून इंजिन चालू ठेवलंय, ऐटीत, रस्त्यावरच्यांना दिसावं म्हणून. तुम्ही चहा तसाच ठेवून येता, खिडकीतून हात घालून किल्ली काढता आणि म्हणता, "उभी गाडी आनि चालू इंजिन, हाई पाप शे." आवाज चढवत नाही. त्या दिवशी मला गाडीत बसू दिलं नाहीत, मी पायी घरी आलो. आई स्टोव्हवर भाकरी टाकत होती, तुम्ही जेवत होतात आणि किल्ली ताटाशेजारी ठेवलेली. मी बसलो तशी तुम्ही ती माझ्याकडे सरकवली आणि वांग्याची भाजी वाढायला सांगितलीत. विषय संपला. इतकं सरळ रागावणारा माणूस मला नंतर भेटला नाही.

शेठनी नवी बस घेतली तेव्हा आम्ही आठ ड्रायव्हर होतो. माझ्यापेक्षा जुने चार. शेठनी किल्ली मला दिली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तारा बापनी आबरू पर आ गाडी आपुं छुं." तुझ्या बापाच्या अब्रूवर ही गाडी देतोय. तुम्ही त्यांच्या वडिलांकडे किती वर्षं गाडी चालवलीत, एकदाही टाकीतून डिझेल काढून विकलं नाहीत, हे ते अजून सांगतात. म्हणजे नोकरी माझी, पण जामीन तुम्ही.

आता चूक सांगतो. या गाडीच्या सायलेन्सरमध्ये एक फिल्टर असतो. सगळी काजळी तो अडवतो, म्हणून तर रुमाल पांढरा राहतो. हमरस्त्यावर पळाली तर गाडी ती काजळी आपोआप जाळते. पण लिंबायतच्या गल्ल्यांत, सिग्नलला थांबत थांबत तिला तेवढी ऊब चढत नाही. मग समोर पिवळा दिवा लुकलुकतो. दिवा लागला की गाडी बाजूला उभी करायची, बटण दाबायचं आणि अर्धा तास इंजिन चालूच ठेवायचं. उभ्या गाडीत, आबा. इंजिन स्वतःच घुमायला लागतं आणि गरम वाफ पायाशी येते. मी चार-पाच मिनिटं बघायचो आणि किल्ली फिरवायचो. दहा-बारा दिवस हेच केलं. मग एका सकाळी हजिरा रोडवर, चाळीस माणसं आत बसलेली असताना, दिवा लाल झाला आणि गाडीतला जीवच गेला. बैलगाडीच्या वेगानं ती कडेला आली. माणसं उतरली, रिक्षा शोधायला लागली. एक बाई, रोज पुढच्या सीटवर बसते, ती म्हणाली, "दादा, तुमचं काही नाही, आमचा अर्धा रोज गेला."

गॅरेजात शेठ आले. मेकॅनिकनं लॅपटॉप लावला आणि किती वेळा मध्येच इंजिन बंद केलंय ते वाचून दाखवलं. शेठ माझ्याकडे वळले. "आवुं कोणे शीखवाड्युं?" असं कुणी शिकवलं, एवढंच विचारलं. मला कळलं की आता किल्ली जाणार, आणि घरात दुसरं कमावणारं कुणी नाही. मी म्हणालो, "बापानं. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवायचं नाही, हे त्यानं डोक्यात भरवलं." शेठचा चेहरा जरा सैल झाला. जुन्या माणसांना या गाड्यांचं काय माहीत असणार, असं म्हणून ते हसले. मेकॅनिक हसला. मीही हसलो, आबा. नोकरी राहिली.

सांगायचं राहिलंय ते हे. गाडी दिली त्याच दिवशी शोरूमच्या माणसानं मला दिव्याचं सगळं समजावलं होतं. दिवा लागल्यावर बंद करू नका, हे त्यानं दोनदा सांगितलं आणि मी कागदावर सही केली होती. किल्ली फिरवताना तुमचा शब्द माझ्या मनात नव्हता. दुपारची खेप संपलेली असायची, भूक लागलेली असायची आणि तो अर्धा तास मला घरी जेवायला हवा होता. तुमच्या डोक्यावर खापर फोडलं, कारण तुम्ही उठून उत्तर देणार नव्हतात.

हल्ली दिवा लागला की मी गाडी बाजूला घेतो आणि पूर्ण अर्धा तास बसून राहतो. आजही तसाच बसलोय, त्यातच हे लिहून झालं. शेठ परवा पुन्हा कुणालातरी तुमच्या त्या इंजिन बंद करायच्या शिकवणीचा किस्सा हसत सांगत होते. मी तिथंच उभा होतो. खरं काय ते अजून बोललेलो नाही.