दोन जादा पाटे

आई, तू गेलीस तेव्हा सोलापुरात मोटारी नव्हत्याच म्हटलं तरी चालेल. एकदा कुणी साहेब शुक्रवार पेठेच्या तोंडाशी मोटार घेऊन आला होता आणि तू पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली होतीस, एवढं मला आठवतं. 'वास फार येतो गं,' असं शेजारणीला म्हणून तू परत चुलीशी गेलीस. आता तुझा मुलगा दिवसभर त्याच वासात बसतो. स्टेशनच्या रस्त्यावर मोटारी विकणारी एक पेढी आहे, तिथे मी इंग्रजी पत्रव्यवहार पाहतो. तू विकलेल्या लोणच्यांवर मी बी.ए. झालो तो शाळेत शिकवण्यासाठी, हे मी विसरलेलो नाही. पण शाळेत जागा निघाली नाही, इथे निघाली, आणि बघता बघता केस पांढरे व्हायला लागले. आमचे मालक मला अजून 'मास्तर' म्हणतात. चांगल्या मनःस्थितीत असले की प्रेमाने, नसले की टोमणा म्हणून.

रोज रात्री मी रोजनिशी लिहितो, ती सवय तूच लावलीस. पण हे रोजनिशीत लिहायला बसलो की वाक्यं आपोआप माझ्या बाजूने वळायला लागतात. तुला लिहिताना तसं होणार नाही असं वाटतं. तू मला फार वेळा वळणावर पकडलेलं आहेस.

गोष्ट एका मालमोटारीची आहे. मालमोटार घेतली की परदेशातला कारखाना देतो तो नुसता सांगाडा. पुढे इंजिन, खाली चाकं, मधे दोन लांब लोखंडी पट्ट्या, बस. मुंबईहून आमचा ड्रायव्हर ती रॉकेलच्या खोक्यावर बसून आणतो, तोंडाला फडकं बांधून. इथे आली की आमच्या मागच्या शेडमध्ये सुतार तिच्यावर लाकडी अंग चढवतात. आणि त्या सांगाड्याबरोबर एक छापील कागद येतो, हमीचा. लोक त्याला ग्यारंटी म्हणतात. तीन महिन्यांत कारखान्याच्या कामातला दोष निघाला तर भाग बदलून मिळेल, पण रचनेत बाहेरून फेरफार केला तर हमी रद्द. हा कागद गिऱ्हाइकाला मराठीत समजावून सांगायचं काम माझं.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला टेंभुर्णीकडचा एक गाडीवान आला. माझ्याच वयाचा, मोठ्या हाडापेराचा, बोलायला मोकळा. बैलगाड्यांनी माल नेण्याचा त्याचा पिढीजात धंदा. गाड्या आणि बैल विकून तो लॉरी घ्यायला आला होता. मी कागद वाचून दाखवला, फेरफाराच्या कलमापाशी मुद्दाम थांबलो.

'फेरफार म्हंजी?' त्याने विचारलं.

'म्हणजे बदल. कंपनीने जशी दिली तशीच वापरायची.'

त्याने दारातून बाहेर, उन्हात उभ्या असलेल्या सांगाड्याकडे पाहिलं. 'साहेब, ह्याला अंग न्हाय, बसाय जागा न्हाय, नुसती हाडकं हायती की! बदल केल्याबिगर शेंगंची पोती काय डोक्यावर घिऊ व्हय?'

सगळे हसले. मालक हसले, मिस्त्री हसला, मीही हसलो. हसू ओसरल्यावर मी सांगितलं की अंग बांधलेलं चालतं, पण इंजिन, चाकं, कमानी यांना हात लावायचा नाही. त्याने 'बरं बरं' म्हणून अंगठ्याला शाई लावून घेतली. पण आई, मला आता वाटतं, त्याने लक्षात ठेवलं ते आमचं हसणं. आम्ही सगळे एकत्र हसलो, म्हणजे ते कलम गमतीचं आहे, असं त्याला वाटलं असेल तर त्याचं काय चुकलं? आणि दुसऱ्या बाजूने असंही वाटतं की मी नंतर स्पष्ट सांगितलं होतं, तो काही लहान मूल नव्हता. मी या दोन वाक्यांमध्ये येरझाऱ्या घालतो आहे.

पुढे त्याने मागच्या कमानींत प्रत्येकी एक जादा पाटा घालून घेतला. कमान म्हणजे लोखंडी पाटे एकावर एक ठेवून केलेली असते, लॉरीचं सगळं ओझं त्यांच्यावर. पाटा वाढवला की गाडी बसत नाही, जास्त पोती मावतात. सगळेच घालतात. आमच्या मालकांनाही ठाऊक होतं, आणि ज्या लोहाराने घातला तो आमच्याच शेडच्या मागे बसतो. महिनाभर लॉरी छान धावली. मग मोहोळच्या अलीकडे एका ओढ्यातून चढताना चाकं फिरवणारा मागचा दांडा, ॲक्सल म्हणतात तो, मोडला. बैल जोडून लॉरी आमच्या आवारात ओढत आणली. त्याचेच विकलेले बैल होते ते, नव्या धन्याकडून भाड्याने मागून आणलेले. ते त्याला ओळखत होते. हे त्याने मला सांगितलं नाही, मी पाहिलं.

मिस्त्रीने मोडका दांडा माझ्या टेबलावर आणून ठेवला. मोडलेल्या तोंडावर अर्धा भाग चकचकीत होता आणि अर्धा काळपट, जुना. मिस्त्री म्हणाला, 'ये काला हिस्सा कारखाने से ही ऐसा आया होगा, साब. अंदर चीर थी.'

'म्हणजे दोष कंपनीचा?'

'आधा कंपनी का. बाकी आधा इनका, बोजा तो इनोंने डाला ना. आधा-आधा लिखो.'

'असं अर्ध्यावर लिहिता येत नाही.'

'तो फिर तुम्हारा कागद कच्चा है, साब,' असं म्हणून तो हात पुसत गेला.

तेव्हापासून तो गाडीवान रोज येऊन आमच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसायला लागला. भांडायचा नाही. भाकरी आणायचा, चटणी आणायचा, एकदा मलाही दिली. मी म्हणायचो, 'घरी जा, उत्तर आलं की निरोप पाठवतो.' तो म्हणायचा, 'घरी काय करू? मोकळा गोठा बघवत न्हाय. गावात लोक इचारत्यात, इंजिनाला कडबा किती पेंढ्या घालतूस म्हणून.' आणि स्वतःच हसायचा. ना बैल, ना लॉरी, अशा अवस्थेत माणूस किती दिवस हसू शकतो हे मी खुर्चीतून बघत होतो. पाऊस लागायच्या आत लॉरी चालली नाही तर गावातल्या त्याच्या ठरलेल्या गिऱ्हाइकांचा माल दुसरा नेणार होता, आणि एकदा गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. त्याचं सगळं त्या दांड्यावर, म्हणजे मी कंपनीच्या मुंबईच्या कचेरीला काय लिहितो त्यावर अडलं होतं.

त्या दिवसांत मला तुझी पडवी फार आठवली. बरण्यांची रांग, त्यांच्या तोंडाला बांधलेले दादरे, करडईच्या तेलाचा वास. तुझीही हमी होतीच की. वर्षाच्या आत लोणच्याला बुरी आली तर बरणी परत आण, दुसरी देईन. पण ओला हात लावायचा नाही आणि वरून काही घालायचं नाही. मी कॉलेजातून सुट्टीला आलो होतो तेव्हा एक वकिलीणबाई बरणी घेऊन आल्या. नासलं होतं. त्यांनी आंबट लागतं म्हणून वरून गूळ घातला होता आणि ते कबूलही केलं. मी माजघरातून मोठ्याने म्हणालो, 'आई, त्यांनी गूळ घातला. आता तुझ्यावर काही नाही.' तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. तळची एक फोड काढून जिभेला लावलीस आणि म्हणालीस, 'मीठ कमी पडलंय. गूळ नसता घातला तरी गेलंच असतं, जरा उशिरा.' दुसरी बरणी दिलीस. बाई गेल्यावर मला म्हणालीस, 'अट लोणचं टिकावं म्हणून घातली रे. मला दडायला नव्हती घातली.' मी कान पाडून वाचत बसलो.

पण पुढच्याच वर्षी गिरणीत जाणारी एक बाई तशीच बरणी घेऊन आली. ती शपथेवर सांगत होती की ओला हात लागला नाही. तू वास घेतलास, 'पाणी लागलंय' म्हणालीस आणि तिला तसंच परत पाठवलंस. चव पाहिली नाहीस. ती पेठेच्या वळणापर्यंत मागे वळून बघत होती. मी दारातून ते पाहत होतो. आता विचारतो, या दोन दिवसांपैकी कोणत्या दिवशीची तू खरी? वकिलीणबाईंचं घर मोठं, चार घरी बोलणारं, म्हणून? की दुसऱ्या वेळी तुला नुसतं बरं नव्हतं? या वयात मला वाटायला लागलंय की तेवढंच असेल. माणूस थकला की चव बघत नाही.

मी मुंबईला सगळं लिहिलं. आत जुनी चीर आहे हे लिहिलं, आणि जादा पाटे आहेत हेही लिहिलं. शेवटी एक वाक्य घातलं, की ज्या वस्तूत भर घातल्याशिवाय ती वापरताच येत नाही, तिच्यात कोणती भर म्हणजे फेरफार हे सामान्य गिऱ्हाइकाला कळणं कठीण आहे. मालकांनी पत्र वाचलं आणि चष्मा कपाळावर ढकलला.

'मास्तर, हे शेवटचं काढा.'

'खोटं आहे का?'

'खरं आहे म्हणूनच काढा. उद्या ते विचारतील, गिऱ्हाइकाला कळत नाही तर मग तुम्ही तिथे कशाला बसलाय? एजन्सी गेली तर त्याच्याबरोबर तुम्ही आणि मी, तिघं बाकावर बसू.'

ते दुष्ट नाहीत, आई. त्यांचंही घर याच्यावर चालतं. पाट्यांचं वाक्य मात्र त्यांनी काढायला सांगितलं नाही, आणि खरं तर ते काढलं असतं तर गाडीवानाचं काम सरळ झालं असतं. मी शेवटचं वाक्य काढलं. पाट्यांचं ठेवलं. म्हणजे मालकांना अडचणीचं खरं मी गाळलं आणि गाडीवानाला अडचणीचं खरं राहू दिलं. पत्र टपालात पडल्यावर हे माझ्या ध्यानात आलं.

मुंबईचं उत्तर आलं. चीर त्यांनी मान्य केली. दांडा मिळेल, पण आधी जादा पाटे काढून गाडी मूळ स्थितीत आणावी, आणि पेढीच्या माणसाने स्वतः पाहून तसा दाखला सहीनिशी पाठवावा. पेढीचा माणूस म्हणजे मी.

मी बाहेर जाऊन गाडीवानाला सांगितलं. तो बाकावरून उठला, पुन्हा बसला. 'म्हंजी देनार?'

'देणार. पाटे काढ.'

'काढतू की! लगीच काढतू.' आणि मग हळूच, 'पर साहेब, त्या पाट्याबिगर अर्धा माल जातुया. अर्ध्या मालात पेट्रोल बी सुटत न्हाय.'

'ते मला सांगू नकोस,' मी म्हणालो. मला फार थकल्यासारखं झालं होतं. घरी धाकटी लेक तापाने पडली होती, दोन रात्री झोप नव्हती. हे कारण म्हणून सांगत नाही, पण तेही होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आवारात गेलो. ऊन मी म्हणत होतं. गिरणीचा भोंगा नुकताच होऊन गेला होता. मी वाकून दोन्ही कमानी पाहिल्या. पाटे काढलेले होते, कारखान्याने दिले तेवढेच उरले होते. उठताना ड्रायव्हरच्या बैठकीखाली गोणपाटाचं एक लांबोळं गाठोडं दिसलं. त्याच्या एका टोकातून लोखंड बाहेर आलं होतं, तेल लावून ठेवलेलं. गाडीवान माझ्या आणि त्या गाठोड्याच्या मधे येऊन उभा राहिला. एवढा थोरला माणूस, पण त्याला उभं कसं राहावं ते कळत नव्हतं.

'बघून घ्या साहेब. कंपनीनं दिली तश्शीच हाय.'

'आज आहे,' मी म्हणालो. 'आणि उद्या?'

त्याने माझ्या हातातल्या दाखल्याच्या कागदाकडे बोट केलं. 'उद्याचं त्यात इचारलंय व्हय?'

मी खरंच कागद पुन्हा वाचला. उद्याचं त्यात विचारलेलं नव्हतं. मी त्याच्या पाठीवर कागद ठेवून सही केली, कारण जवळ टेबल नव्हतं, आणि तोही वाकून उभा राहिला. 'पाटे काढले आहेत, मी स्वतः पाहिले.' इंग्रजीत ते वाक्य फार नीटस दिसतं. सही झाल्यावर तो सरळ झाला आणि म्हणाला, 'मास्तर, लई उपकार झालं,' आणि माझ्या पाया पडायला लागला. मी मागे सरलो.

त्या संध्याकाळी रोजनिशीत मी लिहिलं, की आईने नासलेली बरणी बदलून दिली तसाच हा निवाडा झाला. मग ते खोडलं. सही करताना तू माझ्या मनात कुठेही नव्हतीस. मला घरी जायचं होतं. तो बाकावरून उठावा, एवढंच हवं होतं. तुझं नाव मी नंतर आणून चिकटवलं.

नवा दांडा बसला. लॉरी चालू झाली, त्याची गिऱ्हाइकं त्याला राहिली. हमीचा काळ अजून उरला आहे, आणि जादा पाटे घातलेले दिसले तर ते मुंबईला कळवायचं, असंही माझ्याच कामात येतं. ती लॉरी आठवड्यातून दोनदा आमच्या दारावरून जाते. तिचा आवाज मला आता लांबून ओळखू येतो. गाडीवान भोंगाही वाजवतो, मला रामराम म्हणून. मी मान वर करत नाही. लिहीत राहतो, नाहीतर दौतीत टाक बुडवत राहतो, ती पुढे जाईपर्यंत. पाहिलं तर लिहावं लागेल.

तुला हे पाठवायचा काही प्रश्नच नाही. हे सगळं खरं तर मुंबईला लिहायला हवं होतं. तुला लिहिलं, कारण तुझं उत्तर येणार नाही.