उन्हात वाळवलेल्या काचा

नांदेड, रविवार, दुपार

वडीलधाऱ्या केवळाआक्कास धाकट्या शेषेरावाचा सप्रेम जयभीम. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींच्या डोळ्यावरची पट्टी निघाली का? औशात पाऊस उघडला असेल, तर डॉक्टरनं दोघांना सकाळी किल्ल्यापर्यंत चालायला सांगितलंय ते विसरू नको.

इकडं विशाखाकडं येऊन मला दीड महिना झाला. पोरगी पीएचडी करून राहिली, तिला वेळेवर दोन घास मिळावेत म्हणून आलो (माझ्या भाकरीचा आकार तू पाहिलेला आहेस, हसू नको). तिच्या कामाचं तू मागं विचारलं होतंस, तर मला समजलं तेवढं सांगतो. ती एक रंग बनवते. तो माणसाच्या पेशीत सोडला की जिथं लोह असेल तिथंच जाऊन चिकटतो, दुसऱ्या कशाला हात लावत नाही. मग सूक्ष्मदर्शकाखाली निळा उजेड टाकला की तेवढीच जागा हिरवी चमकते. गच्च भरलेल्या गाडीत विनातिकीट माणूस हुडकायला मला तीस वर्षं कंडक्टरकी करावी लागली. हा रंग ते काम घटकेत करतो. तिच्या आईचं रक्त कायम कमी भरायचं, तुला ठाऊकच हाय. त्यामुळं हा विषय घेतला असं ती कधी म्हणत नाही, मीही विचारत नाही.

आता घडलं ते ऐक. मागच्या रविवारी डबा घेऊन प्रयोगशाळेत गेलो. तिला सरांनी बोलावलं होतं. जाताना म्हणाली, बाबा, त्या खणात रंग लावलेल्या काचा वाळत ठेवल्यात, हात लावू नका. मी हाव म्हणलो. पण आक्का, बंद खणात कुणी काही वाळवतं का? वर पुन्हा काळ्या कागदात गुंडाळलेलं. बाहेर आठ दिवसांनी चांगलं ऊन पडलेलं. आपल्या आईनं कुरडया कधी पेटीत घालून वाळवल्या न्हाईत. पोरगी पुस्तकात वाढलेली, तिला वाळवण काय कळणार, असं म्हणून मी त्या चौसष्ट काचा खिडकीत पेपरवर ओळीनं मांडल्या आणि दोन तास कबुतरं हाकत बसलो (मधून दोनदा बाजू बदलली, सगळीकडून सारखं ऊन लागावं म्हणून).

ती आली आणि खिडकीकडं बघत उभीच राहिली. त्या रंगाला ऊन चालत नाही म्हणे. फार वेळ उजेडात राहिला की त्याचं चमकणं संपतं, ते पुन्हा येत नाही. तिनं एकेक काच सूक्ष्मदर्शकाखाली धरून बघितली. सगळीकडं काळं. चार महिन्यांचं काम होतं, आणि महिनाअखेरीला ते विद्यापीठात दाखवायचं आहे. मी म्हणलो, बाई, मला हाण. तर म्हणाली, "असू द्या बाबा, करते परत." आणि डबा उघडून जेवायला बसली.

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. ती रोज नव्यानं काचा करून राहिली आणि माझ्याशी भांडत नाही. एरवी भाकर जरा जाड झाली तरी तिचं तोंड चालायचं. परवा मी मुद्दाम वरणात दुप्पट मीठ घातलं. तिनं गप खाल्लं, वर ताटही घासून ठेवलं. (मला खाववलं नाही.) पाहुण्यासारखं वागवून घ्यायला काय मी इथं आलो होतो? लातूरला परत निघावं असं वाटतं, पण मग तिला जेवायला कोण घालणार. बाकी इकडं सर्व क्षेम आहे, काळजी नसावी.

तुझा,
शेषेराव

ता. क. सर्व क्षेम लिहिलं ते खोटं. फोनवर सांगणार होतो, पण खोली एकच, तिला ऐकू जातं. तू दोन दिवस इकडं ये. आल्या आल्या तिच्यासमोर मला मोकळ्या तोंडानं झाड. अडाणी म्हण, आगाऊ म्हण, कसर ठेवू नको. तुझं तोंड साऱ्या औशाला ठाऊक हाय. मला दुसरं कुणी बोललेलं तिला लहानपणापासून खपत नाही. सहा वर्षांची असताना डेपोतला साहेब माझ्यावर ओरडला, तर ती त्याच्या हाताला चावली होती. ती तुझ्यावर उसळेल आणि एकदा का तोंड उघडलं की मग माझ्यावरही येईल.

आणखी ता. क. "आत्या, माझ्या बाबाला काही म्हणू नको," असं ती म्हणाली की तू तिथंच थांब. लई साठलंय तिचं. पुढचं तिला बोलू दे, मी ऐकत बसतो.