मयताची गाडी दारात

१२ मार्च १९७४

शेजारचे शुफर्ड गेले. आमच्याच गाडीत, हॉस्पिटलच्या वाटेवर! त्यांची बायको ऑर्लीन नवऱ्याचा हात धरून मागे बसली होती. गाडी चालवणाऱ्या माझ्या होझियाने आरशातून एकदा पाहिलं आणि गाडीचा वेग कमी केला. तेवढ्यावरून तिला कळलं म्हणे.

सकाळपासून छातीत कळा येत होत्या. पण बोलवायचं कोणाला? सरकारी अँब्युलन्स आमच्या काळ्यांच्या वस्तीत आली तर आधी पैसे विचारते, मग नाडी बघते. म्हणून माझ्या लग्नाच्या आधीपासून इथे कोणी आजारी पडलं की अंत्यविधीवाल्या होझिया गेदरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला फोन. तो मयताच्या गाडीतली फुलं काढतो, खाट टाकतो आणि निघतो.

आणि लोक अगदी गळ्याशी येईपर्यंत आम्हाला बोलवत नाहीत. ऑर्लीन रडत म्हणाली, "तुमची गाडी दारात दिसली की सगळ्या गल्लीत मयताच्या घरी द्यायचे केक भाजायला घेतात. हे म्हणाले, मला जिवंतपणी माझ्या मयताचा केक दाखवू नकोस." म्हणून दुपारपर्यंत थांबले. दोघं परतली तेव्हा ऑर्लीनच्या पायरीवर तीन केक आणि तळलेलं चिकन हजर!

१९ मार्च

रनेटा आली होती. रविवारच्या शाळेत माझ्याकडे शिकलेली पोर, आता काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या पक्षाचं काळं जाकीट, तिरकी टोपी! हीच मंडळी शाळेआधी पोरांना न्याहारी देतात आणि पोलीस यांच्याच मागे. आता त्यांनी जुनी व्हॅन घेऊन अँब्युलन्स केली आहे. फुकट. प्रथमोपचाराच्या परीक्षा दिल्यात, ऑक्सिजन आहे.

"काका, वस्तीतलं घर न् घर तुम्हाला ठाऊक. आमच्या ड्रायव्हरला गल्ल्या दाखवा ना."

होझिया म्हणाला, "मुठी उगारून नाडी सापडते का गं?"

"मुठी उगारल्या म्हणून तर परवाना मिळाला, काका."

"म्हणजे माझ्या पोटावर पाय द्यायला आलीस."

"मेलेले तुमचेच, काका. आम्हाला फक्त जिवंत द्या."

मला हसू आवरेना. स्वयंपाकघरात पळाले.

२० मार्च

होझिया बोलत नाही. माझ्याशी! हसले म्हणून.

२ एप्रिल

व्हॅन कोपऱ्यावरच्या दमेकरी म्हातारीला घेऊन गेली आणि संध्याकाळी परत घेऊन आली. परत! आमच्या गाडीतून परत आलेली माणसं बोटांवर मोजता येतील.

होझिया खिडकीतून बघत होता. डावा हात चोळत होता. मी विचारलं. "मयतांच्या पेट्या उचलून दुखतोय." पेट्या काय कालपासून उचलतोय? जन्मभर उचलतोय!

मग म्हणाला, "इझेटा, मला काही झालं तर त्या टोपीवाल्यांच्या गाडीत घालू नकोस. या कॅरोलायनात आमच्या माणसांना कोणी हात लावत नव्हतं तेव्हा मी नेलं. मी माझ्याच गाडीतून जाणार. शब्द दे."

त्याचं दुखणं मला कळतं. लोक हसतात, गेदरचं दोन्हीकडून फावतं म्हणतात. माणूस वाचला तरी भाडं, मेला तरी भाडं. पण या माणसाने कधी कोणाचा फोन वाजत राहू दिला नाही, जेवणावरून उठून गेला.

दिला शब्द. आता भीती वाटते.

९ एप्रिल

जिन्यात मध्येच थांबला. घाम. डॉक्टरकडे चल म्हटलं तर माझ्यावरच खेकसला. मेलेल्यांचे केस विंचरतो, बूट पुसतो, आणि स्वतःकडे बघायला याला सवड नाही! फार राग आलाय मला. रडूही येतंय.

१४ एप्रिल, ईस्टर

हॉस्पिटलच्या बाकावर लिहिते आहे.

चर्चमधून आलो. टाय सोडता सोडता होझिया जमिनीवर बसला. ओठ राखाडी. मी शब्दाला जागले — गाडीच्या किल्ल्या घेऊन धावत आले. त्याने किल्ल्यांकडे पाहिलं.

"ती नको," म्हणाला. "ती मेलेल्यांची गाडी आहे, इझेटा. पोरीला बोलाव."

रनेटा आली. जाकिटाखाली ईस्टरचा पिवळा झगा. त्याच्या नाकाला ऑक्सिजन लावला, हातात हात दिला. "काका, मूठ दाखवा मला. दाबा! जोरात!" त्याने दाबली. थोडी.

मी मागे बसले. सारा रस्ता मी आरशातल्या ड्रायव्हरच्या डोळ्यांकडे बघत होते. त्याने वेग कमी केला नाही.

आत नेलंय. कोणी बाहेर येत नाही. देवा, शब्द त्यानेच मोडला, मी नाही. पण आधीच का नाही मोडला मी?

१५ एप्रिल

त्याचा पायजमा न्यायला घरी आले. आमची काळी गाडी दारात तशीच उभी. पायरीवर एकही केक नाही! ऑर्लीन कुंपणावरून ओरडली, "घरी कधी सोडतायत गं त्याला?"