कपाळावरची जुनी पट्टी

प्रिय शकीला खाला,

तू आता पाचोडहून एसटीत बसली असशील. घरात पदवी घेतलेली मी एकटीच, म्हणून माझ्या शब्दावर तू पोटातली गाठ काढायला तयार झालीस. मी म्हणाले होते, 'भुलीत तुला काही कळणार नाही. कपाळावर पट्टी लावतात. मेंदूच्या लहरींवरून झोप किती गाढ आहे, त्याचा आकडा यंत्रात दिसतो. आमच्या ऑपरेशन थिएटरात ते यंत्र मीच बघते.'

परवा गंगापूरच्या एका बाईंचं ऑपरेशन झालं. आकडा शेवटपर्यंत गाढ झोपेचा होता. संध्याकाळी त्यांनी माझा हात धरला. 'पोरी, त्या डॉक्टरच्या मेव्हण्याला पोरगी पसंत पडली का नाय?' डॉक्टरांचं हे बोलणं बाईंचं पोट उघडं असताना झालं होतं. औषधानं अंग लुळं पडलेलं, त्यांना बोटही हलवता आलं नव्हतं.

ती पट्टी एकदाच वापरायची असते. आमच्याकडे जेली लावून पुन्हा पुन्हा चिकटवतात. जुन्या पट्टीनं आकडा खोटा येत असेल, असं मी भूल देणाऱ्या सरांना सांगितलं, तर ते हसले. 'आकडा दिसतोय ना, तहरीम? मग पट्टी चांगली आहे. पुस्तकं जरा कमी वाच.'

हे पत्र मी तुला देणार नाही. वाचलंस तर तू आल्या पावली परत जाशील, आणि गाठ काही थांबायची नाही.

उद्या तुझ्या कपाळावर तीच पट्टी असेल. आकडा गाढ झोपेपर्यंत उतरला की मी तुझ्या कानात एक गोष्ट सांगेन, आजवर कुणालाच न सांगितलेली. शुद्धीवर आलीस की विचारीन, मी काय म्हणाले. अल्लाह करो, तुला सांगता येऊ नये.

तुझी,
तहरीम