ढगातली झोळी

चिंचवड, ता. २ जानेवारी १९५६

ती. बबनमामांस इंद्रायणीचा सा. न. वि. वि.

तुम्ही शाळेत विज्ञान शिकवता, म्हणून एक कोडे पाठवते. चुलीपुढे बसले तर डोळ्यांना काही होत नाही; फडताळातले मीठ काढायला उभी राहिले की धारा लागतात. सासूबाई म्हणतात, शिकलेल्या सुनांचे डोळे कामाच्या वेळीच दुखतात.

हे हसण्यावारी गेले असते. पण चार महिन्यांच्या यशवंताचा खोकला हटत नाही. छातीत बारीक शिट्टी वाजते. चुलीची ऊब मिळावी म्हणून त्याची झोळी तिथेच तुळईला टांगली आहे. औषधाने दोन दिवस बरे वाटते, पुन्हा तेच. येत्या अमावास्येला त्याच्या छातीवर बिब्याचे चटके द्यायचे ठरले आहे. मला झोप लागत नाही. काय करू?

तुमची,
इंद्रायणी

तळेगाव दाभाडे, ता. ५ जानेवारी १९५६

चि. इंद्रायणीस अनेक आशीर्वाद.

तुझे कोडे फार आवडले, कारण यशवंताच्या खोकल्याचे उत्तर बहुधा त्यातच आहे. चुलीचा धूर तापलेला, म्हणून हलका. तो वर चढतो. थंडीत तुम्ही दारे लावून घेता, तेव्हा तो कौलांखाली साचतो. सकाळी फुटक्या कौलातून कवडसा येतो, तो नीट पाहा. वर तो दुधासारखा दाट दिसेल, जमिनीकडे येता येता विरून जाईल. तुमच्या स्वयंपाकघरात रोज एक ढग मुक्कामाला येतो. तुझ्या सासूबाई, सोजराबाई, त्याच्याखाली बसतात. तू उभी राहिलीस की तुझे डोके त्यात शिरते. आणि यशवंत तर ढगातच झोपतो.

आता बाळाची छाती. तिच्यातल्या नळ्या इतक्या अरुंद, की जराशी सूज आली तरी शिट्टी वाजते. फुफ्फुसे अजून घडत असतात. शिवाय आपला एक श्वास होईतो बाळाचे दोन-तीन होतात. धूरही तितक्यांदा आत जातो. चटक्याने यातले काहीच बदलणार नाही. डॉक्टरांचे औषध चालू ठेव आणि झोळी सोप्यात हलव.

सोजराबाईंशी वाद नको. मांजर-मुंग्या पोहोचू नयेत म्हणूनच त्यांनी ती उंच बांधली असणार. त्यांना झोळीपाशी क्षणभर तोंड न्यायला सांग, इतकेच.

तुझा,
बबनमामा

चिंचवड, ता. २४ जानेवारी १९५६

ती. बबनमामांस सा. न. वि. वि.

सासूबाई आधी ऐकेनात. त्यांची चारही लेकरे याच धुरात वाढली, मास्तरला चूल काय ठावी, असे म्हणाल्या. मग मी कवडसा दाखवला. यशवंताने झोळीतून हात काढून त्यात बोटे बुडवली, तेव्हा धूर त्या बोटांभोवती पाण्यासारखा वळला. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. त्यांच्या पाठीला बाक आलेला. पाटावर चढून त्यांनी झोळीशी तोंड नेले. लगेच डोळे गळू लागले. कांदा कोण चिरतंय, असे त्यांनी विचारले. कांदा कुणीच चिरत नव्हते. झोळीची गाठ त्यांनी स्वतःच सोडली.

आता यशवंत सोप्यात गोधडीच्या उबेत झोपतो. शिट्टी पहाटे क्वचित ऐकू येते, पण दूध पिताना त्याला धाप लागत नाही. अमावास्या आली नि गेली. बिबे डब्यातच राहिले.

कोडी पाठवायची मुभा अशीच राहू द्यावी.

तुमची,
इंद्रायणी

ता. क. सासूबाई विचारतात, तुमच्या नातीचा पाळणा कुठे टांगला आहे? त्या सांगतात, चूल पेटलेली असताना, बाळाचे तोंड असते तिथे आपले तोंड न्यावे आणि सावकाश श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले, की पाळणा तिथून हलवावा.